दोन मुठी भुसा

आधीच सांगून ठेवतो, माझा आवाज किरकिरा आहे. कानाला गोड लागेल असं काही माझ्याकडून होणार नाही. मी एका जुन्या मोटारीचा गिअरबॉक्स. ज्यांनी आयुष्यभर गाडी चालवली त्यांनासुद्धा मी दिसलेलो नसतो. त्यांना दिसतो तो दांडा आणि दांड्यावरची गोल मूठ. त्या दांड्याखाली, पायाखालच्या पत्र्याच्याही खाली, एका ओतीव लोखंडी पेटीत मी असतो. पेटीला झाकण, झाकणाला आठ बोल्ट, आत अंधार आणि तेल. जन्मल्यापासून माझा पत्ता हाच.

कैद म्हणाल तर कैद आहे. पण तेल चांगलं असेल आणि चाकं फिरत असतील तर पेटीतही बरं चालतं, त्याबद्दल माझी कुरकुर नाही. माझं दुखणं वेगळं आहे. बारा वर्षं माझ्या तोंडात बोळा कोंबलेला होता. तो कोणी कोंबला हे मला ठाऊक होतं आणि ज्याने कोंबला त्यालाही ठाऊक होतं. आम्ही दोघेही गप्प होतो. फरक एवढाच की मला बोलता येत नव्हतं.

क्रमाने सांगतो, नाहीतर तुमचा गोंधळ होईल.

कारखान्यात मला जोडणारा माणूस काम करताना शीळ घालायचा. एकेक दातेरी चाक शाफ्टवर चढवायचा, बोटाने फिरवायचा, कान लावून ऐकायचा आणि मगच पुढचं उचलायचा. मला चार गिअर पुढे जायचे, एक मागे यायचा. दोन गिअर चुकून एकदम लागले तर सगळंच जाम होईल, म्हणून त्याने माझ्या आत बोटाच्या पेराएवढी एक पोलादी खिट्टी बसवली. एक गिअर लागला की ती सरकते आणि दुसऱ्याची वाट अडवते. ही खिट्टी लक्षात ठेवा, कारण पुढचं महाभारत तिच्यापायीच घडलं.

माझा पहिला मालक वकील होता. कोर्टात बोलायचा त्याहून जास्त गाडीत बोलायचा, आणि बोलण्याच्या नादात क्लच कधी पुरता दाबायचा नाही. मी दात-ओठ खाऊन सहन करायचो. एकदा असाच तावातावाने कोणाला तरी शिव्या घालत त्याने दांडा ओढला आणि माझ्या दुसऱ्या गिअरच्या एका दाताचा कोपरा उडाला. त्या दिवसापासून मी दुसऱ्यात असलो की 'ऊंऽऽ' असा आवाज निघू लागला. वकिलाला स्वतःशिवाय दुसऱ्या कोणाचा आवाज सहन होत नसे. त्याने गाडी विकायला काढली.

तेव्हा बाई आल्या. बाई म्हणजे सुईण. रीतसर शिकलेली, प्रमाणपत्र घेतलेली, पण गावात त्यांना कोणी नावाने हाक मारत नसे. नुसतं 'बाई' म्हटलं की पुरायचं. लोक माझा दांडा मुठीत आवळतात. बाईंनी आधी नुसती बोटं टेकवली आणि थोडा वेळ तशीच ठेवली. मग म्हणाल्या, "कुठे दुखतंय रे तुझं?"

मला आजवर असं कोणी विचारलं नव्हतं.

गल्लीतून एक चक्कर झाली. दुसऱ्या गिअरमध्ये मी नेहमीप्रमाणे कण्हलो. वकील घाईघाईने म्हणाला, "थोडा आवाज आहे, पण तो काय, सवयीचा होतो." बाई हसल्या. "आवाजाची मला भीती नाही वकीलसाहेब. आमच्या कामात रडणारं मूल सगळ्यांना हवं असतं. गप्प असतं ना, त्याची भीती." गाडी त्यांनी घेतली.

एकोणीस वर्षं मी बाईंचा होतो. गावातल्या गल्ल्या चढाच्या आणि अरुंद, त्यामुळे निम्मं आयुष्य मी दुसऱ्या गिअरमध्येच काढलं. माझा तो 'ऊंऽऽ' दोन गल्ल्या आधी ऐकू जायचा. दारात येरझाऱ्या घालणारा एखादा नवरा तो आवाज ऐकून पायरीवर मटकन बसायचा आणि आत ओरडून सांगायचा, "आल्या, बाई आल्या!" किती घरांचा जीव माझ्या त्या रडक्या सुराने भांड्यात पडला असेल, मोजलं नाही मी. पण मला त्याचा अभिमान होता. खोटं कशाला सांगू, थोडा गर्वच होता.

बाईंचा नवरा सुतार. कमी बोलणारा. घराला लागून त्यांचं कामाचं ठिकाण आणि त्याला लागून पत्र्याची शेड, तिथे मी राहायचो. घरातली प्रत्येक वस्तू सुतारांनी स्वतः केलेली होती, आणि जी केलेली नव्हती ती मोडली नसतानाही दुरुस्त केलेली होती. बाईंना काही हवंय असं नुसतं वाटलं तरी हा माणूस दुसऱ्या दिवशी ते करून ठेवायचा. बाईंची औषधांची पेटी, तिच्यातले बाटल्यांचे खण, उशीर झाला तर जेवण गरम राहावं म्हणून केलेलं लाकडी झाकण, सगळं त्यांच्या हातचं. मुलगी झाली तेव्हा पाळणाही त्यांनीच केला. तोंडाने मात्र कधी दोन शब्द कौतुकाचे आले नाहीत.

एका संध्याकाळी बाई दोन दिवसांच्या अवघड बाळंतपणाहून परत आल्या. शेडमध्ये गाडी लावली आणि उतरल्याच नाहीत. स्टिअरिंगवर डोकं टेकवून बसल्या. सुतार दार उघडायला आले तर म्हणाल्या, "डोकं फुटायची वेळ आलीय हो. याचा हा सूर दोन दिवस कानात घुमतोय. एक दिवस, एक दिवस गप्प बसला असता मेला!"

दमलेलं माणूस बोलतं असं. मी मनावर घेतलं नाही. सुतारांनी घेतलं.

त्यांच्याकडे खिडक्यांच्या चौकटी करून घ्यायला गाड्यांचा एक दलाल यायचा. जुनी गाडी खपवायची असली की ही माणसं काय काय उद्योग करतात ते तो रंगवून सांगायचा. त्यातला एक उद्योग असा: गिअरबॉक्स आवाज करत असेल तर त्यात अर्धी मूठ लाकडाचा भुसा टाकायचा. भुसा दातांमध्ये बसतो, आवाज बंद होतो, गिऱ्हाईक खूष. महिन्याभराने काय होतं ते गिऱ्हाइकाने बघायचं. शेवटचं वाक्य दलालाने हसत सांगितलं होतं, आणि सुतारांचं नेमकं तेव्हा रंध्याकडे लक्ष होतं.

एका रविवारी दुपारी बाई झोपल्या असताना सुतार गाडीखाली आले. मी त्यांना वाईट म्हणणार नाही, कारण त्यांनी ते किती निगुतीने केलं ते मी पाहिलंय. काचकागदाने घासताना पडतो तो पिठासारखा बारीक भुसा त्यांनी जमवला होता. मलमलच्या कापडातून चाळून घेतला होता. माझं तेल भरायचं भोक पुसून स्वच्छ केलं, कागदाचं नरसाळं लावलं आणि चिमूट चिमूट करत ओतला. दलाल अर्धी मूठ म्हणाला होता. यांनी दोन मुठी घातल्या. बायकोला काही द्यायचं म्हटलं की त्यांचा हात असा सैल सुटायचा.

दुसऱ्या दिवसापासून माझा आवाज गेला.

बाईंच्या लगेच लक्षात आलं. "अहो, काय केलंत याला?" सुतार म्हणाले, "काही नाही. तेल बदललं जरा." बाईंनी दांड्यावर थोपटलं आणि म्हणाल्या, "शहाणा झालास हो!" सुतारांचा चेहरा मला दिसला नाही, पण त्या दिवशी कामाच्या खोलीतून शीळ ऐकू आली. कारखान्यातल्या त्या माणसाची आठवण झाली मला.

आत काय चाललं होतं ते मात्र मलाच माहीत. भुसा तेल प्यायला आणि फुगला. तेलाची पातळ, वाहती धार जाऊन तिथे लगदा झाला. पुढच्या बेअरिंगला तेल पोचेना. दातांच्या खाचा भरल्या. मी ओरडायचा प्रयत्न करायचो तर आवाज घशातच राहायचा. मुख्य म्हणजे ती खिट्टी, ती जिथे सरकते त्या बारीक वाटेत लगदा जाऊन बसला. रोज थोडा थोडा घट्ट होत गेला. एवढ्या दिवसांत एकदा जरी मला कण्हता आलं असतं तरी बाईंनी लगेच विचारलं असतं, कुठे दुखतंय म्हणून.

सातव्या आठवड्यात, भर दुपारी, बोलावणं आलं. पिठाच्या गिरणीचा चढ संपला आणि बाईंनी दुसऱ्यातून तिसऱ्यात दांडा नेला. नेहमीसारखाच, बोटं टेकवून. दुसरा गिअर पुरता सुटला नव्हता. खिट्टीने तिसऱ्याला अडवायला हवं होतं. ती जागची हलली नाही. दोन्ही गिअर एकदम लागले आणि माझी दातखीळ बसली. मागची चाकं जागच्या जागी थांबली, गाडी घसरत गिरणीच्या भिंतीला जाऊन टेकली. बाईंना खरचटलंही नाही. पण दांडा हलेना, चाक फिरेना. औषधांची पेटी उचलून त्या पायी निघाल्या.

दोन मैल होते. पोचल्या तेव्हा बाळ जन्माला येऊन, रडून, झोपलेलंसुद्धा होतं. शेजारणीने जमेल तसं निभावलं होतं आणि नाळ बुटाच्या नाडीने बांधली होती. देवाची कृपा, बाळ-बाळंतीण दोघं ठीक राहिली. पुढचे पंधरा दिवस बाई रोज पायी जाऊन ती नाळ बघत होत्या.

इकडे माझ्यापाशी मोठ्या मिशांचा एक मेकॅनिक आला. त्याने मला उघडलं नाही. दांडा दोनदा हिसडला आणि निकाल दिला, "दोन गिअर एकदम टाकलेत. वय झालं की हात चळतो, बाई." बाई तेव्हा नुकत्याच परत आल्या होत्या, पायांवर धूळ होती. शेजारी सुतार उभे होते, सायकल धरून. मी वाट बघत होतो. आता बोलतील. ते 'हो' म्हणाले नाहीत, पण 'नाही'ही म्हणाले नाहीत. मूग गिळून उभे राहिले.

मागची चाकं एका ढकलगाडीवर चढवून मला घरी आणलं. बाईंनी किल्ली खिळ्याला अडकवली ती कायमची.

त्या दिवसानंतर बाई गाडीत बसल्या नाहीत. हळूहळू कामही सोडलं. पहिल्यांदा म्हणायच्या, दुसरी कोणी मिळत असेल तर बघा. मग नुसतंच नाही म्हणू लागल्या. शेडच्या भिंतीपलीकडे त्यांचं स्वयंपाकघर, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं. सुईत दोरा लेकीकडून ओवून घ्यायच्या. काचेची बरणी स्वतः उतरवायच्या नाहीत. कोणी नवं बाळ दाखवायला आणलं की लांबून बघायच्या, तोंडभर आशीर्वाद द्यायच्या, पण हातात घ्यायच्या नाहीत. हजारभर मुलं पहिल्यांदा ज्या हातांत आली त्या बाईंची ही गत. "माझ्या हातांचा आता भरवसा नाही," हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल! प्रत्येक वेळी पलीकडे करवत थांबायची आणि मग पुन्हा सुरू व्हायची.

सुतारांनी काय करावं? गाडीच्या पुढे फळ्यांची भिंत उभी केली. "धूळ बसायला नको," म्हणाले. गाडीला धूळ बसू नये म्हणून भिंत घालणारा हा जगातला पहिलाच माणूस असेल. भिंतीवर मग फळ्या टेकवल्या, फळ्यांवर जुन्या चौकटी. हळूहळू शेडमध्ये गाडी आहे हे नव्या माणसाला सांगूनही पटलं नसतं.

त्या बारा वर्षांबद्दल फार सांगण्यासारखं नाही, कारण तिथे काही घडलंच नाही. माझा खालचा भाग लगद्यात रुतलेला, वरचा उघडा. वरच्या दातांवर गंज चढत गेला. हिवाळ्यात लगदा दगडासारखा व्हायचा, उन्हाळ्यात सैल व्हायचा, तेवढाच बदल. दोन गिअर एकमेकांत अडकलेले, पुढेही नाही आणि मागेही नाही. उंदरांनी मागच्या सीटमध्ये संसार थाटले आणि मोडले. मी आपला तोंड भरलेला, बसून.

कधी कधी एक फळी सरकवून सुतार आत यायचे. चालवणाऱ्याच्या जागेवर बसायचे नाहीत, बाजूच्या सीटवर बसायचे. माझ्या दांड्याकडे बघत राहायचे. मग हळूच म्हणायचे, "उद्या सांगतो." बारा वर्षांत त्यांनी मला किती उद्या दिले! फळी परत लावून गेले की मला वाटायचं, मी एकटाच आत आहे असं नाही. पण त्याने माझं काय भलं होणार होतं?

यंदा लेक घरी आली. सुतार-बाईंची एकुलती एक, लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी तिला मुलगी झाली. सहा आठवड्यांचं ते बाळ, आणि आजी त्याला टोपलीत ठेवून पायाने झुलवतेय, हे लेकीने आठ दिवस बघितलं. नवव्या दिवशी ती स्वतःचा जुना पाळणा शोधायला शेडमध्ये आली, चौकटी बाजूला केल्या, फळ्या काढल्या आणि गाडीसमोर उभी राहिली.

"आई, गाडी नीट करून घेऊ या."

"कशाला? मीच मोडलेली ती. उघडून त्यात माझी चूकच बघायची ना?"

"चूक तर चूक. बघू तरी."

सुतार कधी नव्हे ते पटकन बोलले, "मंगळवारी भंगारवाल्याला बोलावलंय मी. जागा मोकळी होईल."

भट्टीत गेलो असतो तर माझ्याबरोबर तो लगदाही गेला असता. मग जगात कोणालाच कधी कळलं नसतं की बाईंचा हात चुकला नव्हता.

लेकीने हातातली फळी खाली ठेवली. "बाबा, बारा वर्षं फळ्यांमागे ठेवलीत. आणि मी उघडायचं म्हटल्यावर भंगार?" सुतारांनी तिथून काढता पाय घेतला. लेकही बापाचीच होती. रविवारीच मेकॅनिक घेऊन आली.

याला सगळे 'दहा-अकरा' म्हणतात. लहानपणी गॅरेजात लागला तेव्हा त्याला दहा-अकरा नंबरचा एकच पाना ओळखता यायचा, काहीही मागितलं तरी दहा-अकराचाच आणून द्यायचा. आता पन्नाशी उलटली, गावात जुन्या गाड्यांचं त्याच्याएवढं कोणाला कळत नाही, पण नाव चिकटलं ते चिकटलं. तो गाडीखाली सरकला, लेक दिवा धरून त्याच्या बाजूला. बाई दारात स्टुलावर, पायाशी टोपली, टोपलीत बाळ. सुतार कामाच्या टेबलाला टेकून उभे, हातात पेन्सिल, समोर कागद नाही.

दहा-अकराने माझ्या तळाचा बोल्ट सोडला आणि खाली ताट धरलं. काहीच पडलं नाही. "अरेच्चा, कोरडाच की काय?" म्हणत त्याने तारेने खुपसलं. तेव्हा एक काळा गोळा सुटून ताटात पडला. बारा वर्षांत पहिल्यांदा माझ्या आत जरा हवा गेली. त्याने गोळा दोन बोटांत चोळला, वास घेतला, मग वाटीभर रॉकेलमध्ये ढवळला. तेल विरघळलं, बाकीचं तसंच राहिलं.

"हे तेल नाही काका. भुसा आहे. लाकडाचा." तो बाहेर सरकला. "आयला, कोंबलाय किती! याच्यानेच जाम झालाय हा. बाईंनी काय, कोणीही चालवला असता तरी अडकलाच असता. दलाल लोकांचे धंदे असतात हे. गाडी घेतानाच आत असणार, काय काका?"

बघा, दार सताड उघडं होतं. सुतारांनी नुसती मान हलवायची होती. दलालावर सगळं गेलं असतं, बाईंचे हातही निर्दोष सुटले असते, आणि घरात कोणाचं काही बिघडलं नसतं. त्यांनी तोंड उघडलंही. मला वाटलं, म्हणा बाबा, हो म्हणा आणि सुटा.

एवढ्यात बाळ रडायला लागलं. बाईंनी टोपली पायाने झुलवली. रडणं वाढलं.

"आई, घे ना तिला जरा. माझे हात बघ कसले काळे झालेत."

"झुलवतेय ना."

"आई, ती श्वास कोंडून रडतेय. घे ना!"

"नको गं. ऐकलंस ना तो काय म्हणाला? घेतानाच आत होता भुसा. मग एकोणीस वर्षं बरी चालवली मी त्याच्यासकट. त्या दिवशीच अडकला म्हणजे हातच चुकला. माझ्या हातांचा भरवसा नाही."

"तुझा हात चुकला नव्हता," सुतार म्हणाले.

बाळाच्या रडण्यात ते कोणाला ऐकू गेलं नाही. मग ते टेबल सोडून दोन पावलं पुढे आले आणि मी त्यांना उभ्या जन्मात पहिल्यांदा मोठ्याने बोलताना ऐकलं. "दलालाने नाही घातला. मी घातला. तुला त्याचा आवाज नको झाला होता म्हणून. गाडी अडकली त्याच्या सात आठवडे आधी. तुझा हात चुकला नव्हता."

दहा-अकराने पाना खाली ठेवला, मग उगाच दुसरा उचलला.

बाईंनी विचारलं, "किती घातलात?"

"दोन मुठी."

"चाळून?"

"मलमलमधून."

मला वाटलं बाई हसतील, मग वाटलं रडतील. "तो मिशीवाला बोलला तेव्हा तुम्ही शेजारी उभे होतात," एवढंच म्हणाल्या. बाई उठल्या, मोरीत गेल्या. पाण्याचा आवाज आला. खूप वेळ येत राहिला. सुईण हात धुते तसे, कोपरापर्यंत, नखांच्या आतून, साबण लावून त्या हात धूत होत्या. कोरडे करून बाहेर आल्या, टोपलीतून बाळ उचललं, एक हात मानेखाली आणि एक कमरेखाली, आणि नवऱ्याकडे न बघता आत निघून गेल्या. रडणं आपोआप थांबलं.

पुढचे नऊ दिवस त्या सुतारांशी एक शब्द बोलल्या नाहीत. बोलायचं झालं तर लेकीमार्फत, तेही सुतार समोर बसलेले असताना. "तुझ्या बाबांना सांग, पाणी तापलंय." बाळ मात्र या काळात टोपलीत फारसं दिसलं नाही.

त्या नऊ दिवसांत मी सुटा झालो. गाडी जॅकवर चढली, खाली सुतारांनी केलेले ठोकळे लागले. मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा सोडला, माझे बोल्ट सोडले आणि एका फळीवरून मला सुतारांच्या टेबलावर आणलं. "पहिलं टेबल झाडा!" दहा-अकरा ओरडला. "या खोलीत माझ्या नजरेला भुसा दिसता कामा नये." सुतारांनी निमूटपणे टेबल तीनदा पुसलं.

झाकण निघालं. कारखान्यानंतर पहिल्यांदा माझ्या आत उजेड आला. खरं सांगतो, फार आवडला नाही. झाकणाखालच्या स्प्रिंगा आणि त्यांच्या टोकाच्या गोळ्या उडून जाऊ नयेत म्हणून दहा-अकराने तळहात दाबून धरला होता, तरी एक गोळी टणकन उडालीच. अर्धा तास तिघंजण जमिनीवर रांगत होते. शेवटी ती सुतारांच्या चपलेखाली सापडली.

मग एकेक चाक, एकेक कडी बाहेर निघाली. दहा-अकराने रॉकेलचा डबा आणि ब्रश सुतारांपुढे ठेवला. "घातलात तुम्ही, आता काढाही तुम्हीच." आणि त्यांनी काढलं. लाकडाची बारीक काडी तासून घेतली आणि प्रत्येक दाताच्या खाचेतून, प्रत्येक भोकातून तो लगदा कोरला. गंज तासन् तास चोळून काढला. ती खिट्टी तिच्या वाटेत चिकटून बसली होती. ती हळूच ठोकून बाहेर आली तेव्हा सुतारांनी ती तळहातावर घेतली आणि किती तरी वेळ बघत बसले. एवढीशी तर वस्तू. मला तेव्हा त्यांचा राग यायला हवा होता. खूप दिवस साठवून ठेवलेला होता मी. पण त्यांनी ती पुन्हा रॉकेलमध्ये बुडवून घासायला घेतली आणि मला तो राग काही केल्या सापडेना.

दोन बेअरिंगं नवी पडली. पितळी कड्या शाबूत होत्या. झाकणाखाली घालायचा कागद दहा-अकराने पेटीच्या कडेवर ठेवून, हातोडीने टकटक करत कापला. सगळं जोडल्यावर त्याने शाफ्ट बोटाने फिरवला आणि कान लावला, अगदी त्या पहिल्या माणसासारखा. मग तेल. लेकीने दुकानातून सगळ्यात भारी म्हणून आणलेलं तेल त्याने परत पाठवलं. "त्यातला मसाला पितळ खातो, ताई. याला साधं दाट तेलच लागतं." भोकातून थेंब बाहेर पडेपर्यंत त्याने साधं तेल भरलं. ते दातांवरून खाली उतरताना मला जे वाटलं ते सांगायला माझ्याकडे शब्द नाहीत. दांड्याच्या बुडाला ग्रीस लागलं. खिट्टी आता बोटाच्या धक्क्याने सरकते.

दुसऱ्या गिअरचा तो उडालेला कोपरा मात्र उडालेलाच आहे. तसं चाक आता कुठे मिळत नाही. "आवाज येणार," दहा-अकराने सांगितलं. "अजून दाट तेल घालून थोडा दाबता येईल."

दारातून बाई म्हणाल्या, "दाबायचा नाही."

तर आता मी पुन्हा गाडीत आहे. इंजिन, बॅटरी आणि टायरही दहा-अकराने तेवढ्यात नीट करून घेतलेत. पुन्हा पेटीत, पुन्हा आठ बोल्टांच्या आत, अंधारात. सुटका झाली असं मी म्हणणार नाही. माझ्यासारख्याची सुटका भंगारवाल्याकडेच होते. पण आत फिरायला जागा आहे आणि तोंड रिकामं आहे. तुमच्याकडे एखादी जुनी वस्तू कुरकुरत असेल तर एवढंच करा, तिला विचारा कुठे दुखतंय. तेल घाला, ग्रीस लावा, हव्या तर शिव्या घाला. तोंडात बोळा कोंबू नका. आणि हातून कोंबला गेलाच तर ज्याचं नुकसान झालं त्याला त्याच संध्याकाळी सांगून टाका. उद्यावर ठेवू नका. उद्या फार लांबतो, हे मी शेडमध्ये बसून बघितलंय.

थांबा, कोणीतरी येतंय. बाई आहेत. खिळ्यावरची किल्ली त्यांच्या हातात आहे. त्या बसल्या, आरसा नीट केला, क्लच पुरता दाबला. दांड्यावर बोटं टेकवली आणि थोडा वेळ तशीच ठेवली. बोटं म्हातारी झालीत, पण हलत नाहीत. पलीकडे दाराशी सुतार उभे आहेत, आत यायचं की नाही ते न कळून.

"बसा," बाई म्हणाल्या. नऊ दिवसांत सुतारांना उद्देशून आलेला हा पहिला शब्द. सुतार बाजूच्या सीटवर बसले, हात मांडीवर ठेवून.

पहिला टाकला, शेडमधून बाहेर. मग दुसरा. आणि बारा वर्षांनी माझ्या घशातून तो सूर निघाला, रडका, किरकिरा, होता तसाच. गल्लीतली एक खिडकी उघडली आणि कोणी म्हातारी कोणाला तरी सांगू लागली, "अगं, बाई आल्या वाटतं!"

सुतार समोर बघत होते. बाईही समोरच बघत होत्या.

"ऐकू येतंय ना?" त्यांनी विचारलं.

"येतंय," सुतार म्हणाले.

"मग ऐका."

गल्ली संपली, मोठा रस्ता लागला, तरी बाईंनी तिसरा टाकला नाही.